सिंदीहून पुणे किती तास?

आम्ही सिंदी रेल्वेच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज आमचा विषय आहे विमान. हसू नका. आमच्या बाराजणींच्या गटात विमानात बसलेली एकच बाई आहे आणि तीही एकदाच बसली. तरी आम्ही गेले वर्षभर विमानाचा हिशेब करतो आहोत. तो का करावा लागला, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईचा भाऊ पुण्याजवळ चाकणला कंपनीत होता. आपल्याकडची किती पोरं तिकडे आहेत, तुम्हाला माहीतच आहे. गल्लीत दोनतीन घरं तरी अशी निघतात. दोन वर्षांमागे एका सकाळी आठ वाजता तिला फोन आला की भाऊ दवाखान्यात आहे, लवकर ये. ती तशीच अध्यक्षबाईंच्या दारात आली. गटातून कर्ज द्या, विमानानं जाते, म्हणाली. आम्ही पाचसहाजणी जमलो. तिथे जे बोलणं झालं ते सांगायला आज लाज वाटते. एक म्हणाली, "काहून वं, आपन का मंत्री हाओत इमानात बसाले?" दुसरी म्हणाली, गटाचा पैसा बियाण्याला, दवाखान्याला, पोरांच्या फीला. विमान म्हणजे चैन, चैनीला कर्ज नाही. तिसरीला काळजी पडली की एकटी बाई विमानतळावर चुकली तर काय करायचं. शेवटी दोन हजार रुपये तिच्या हातात दिले आणि रात्रीच्या गाडीनं जा म्हणून सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. भाऊ पहाटेच गेला होता.

त्या दिवशी पुण्याचं विमान होतं का, त्यात जागा होती का, ती वेळेत पोचली असती का, हे आम्हाला आजही ठाऊक नाही, कारण आम्ही पाहिलंच नाही. ताई गट सोडून गेली नाही. हप्ते भरत राहिली, बैठकीला येत राहिली. पाचसहा महिन्यांनी एकदा पापड लाटता लाटता एवढंच बोलली, "नाई म्हनलं तं म्हनलं. पन येकीनं तरी इचारलं का, इमान किती वाजताचं हाये म्हून?" त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही. मग आम्ही मोजायला बसलो.

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेशी घोळ होऊ नये म्हणून आपण सिंदी रेल्वे म्हणतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, दोन्हीकडच्या गाड्या आपल्या फाटकातून जातात. बऱ्याचशा आपल्याकडे न थांबता जातात, ते सोडा. त्यामुळे अंतर म्हटलं की आपल्या डोक्यात रेल्वेचंच अंतर येतं. आमचंही तसंच होतं. मग एका मुलीनं शाळेतून महाराष्ट्राचा मोठा नकाशा आणला. आम्ही शिवणाचा दोरा घेऊन नागपूरवर एक टोक धरलं आणि पुण्यावर दुसरं. नकाशाच्या कोपऱ्यात दिलेल्या मापावर तो दोरा लावला तर सहाशे किलोमीटरच्या आसपास आला. नागपूरचं सोनेगावचं विमानतळ आणि पुण्याचं लोहगावचं विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे ६०५ किलोमीटर अंतर आहे.

मग तोच दोरा रेल्वेच्या रेषेवरून नेला. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव, मनमाड. इथवर दोरा पश्चिमेकडे जातो आणि जरा वरच्या अंगानं जातो. मनमाडहून तो खाली वळतो, कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड करत, आणि दौंडहून पुन्हा पश्चिमेला पुण्याकडे. म्हणजे पुणे आपल्या खालच्या बाजूला असताना गाडी आधी वरून फिरून येते. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तिचा रस्ता ८८१ किलोमीटरचा आहे. सडकेनं गेलं तर सातशेच्या वर होतात. तीच दोन गावं, आणि सहाशे, सातशे, पावणेनऊशे अशी तीन अंतरं. एक आजी म्हणाली, "दोरा सरका हाये, रस्ताच वाकडा हाये." ते खरंच आहे.

नकाशा समोर होताच, तर एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणतात, ते एके काळी पोस्टाच्या फार कामी आलं. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. ही सेवा वीसेक वर्षांहून जास्त चालली. आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर हे चालायचं, आणि आम्हाला वाटायचं विमानाचा आपल्याशी संबंध नाही.

आता वेळेचं पाहू. मोठं जेट विमान उंचावर गेलं की ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे पळतं. ६०५ ला ८०० नं भागलं तर पाऊण तास होतो. मग तिकिटावर सव्वा ते दीड तास का लिहिलेला असतो? आमच्यातली एक पोरगी बारावी विज्ञान आहे, तिनं समजावलं. एसटी डेपोतून सुटल्या सुटल्या ऐंशीच्या वेगानं पळते का? विमान जागेवरून हलतं तिथून वेळ मोजतात. ते हळूहळू धावपट्टीच्या टोकाला जातं, रांगेत थांबतं, उडालं की चढायला वेळ लागतो आणि उतरायला त्याहून जास्त. पुण्याचं विमानतळ हवाई दलाचं आहे, तीच धावपट्टी प्रवासी विमानंही वापरतात, तिथे कधी वरच घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून छोट्या अंतराला पळण्याचा वेळ कमी आणि बाकीचाच जास्त असतो. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, आणि अर्धं झालं म्हणून अर्धा होत नाही.

विमान कोणतं आहे यावरही वेळ ठरते. अमरावतीचं बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, अमरावती-मुंबई. दोरा लावला तर हे अंतर ५४० किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे नागपूर-पुण्याहून कमी. पण वेळ सुमारे पावणेदोन तास. कारण तिथे पंख्याचं लहान विमान लावलं, एटीआर नावाचं, सत्तरेक माणसांचं. ते ताशी पाचशेच्या जवळपास चालतं. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे, नागपूरची ३,२०० मीटरची. लांब पट्टी नसेल तिथे हे पंख्याचं विमान सोयीचं. पंखे बाहेर फिरताना दिसतात म्हणून ते जुनं किंवा धोक्याचं असतं असं नाही. आम्हीही आधी तसंच समजत होतो.

पण मैत्रिणींनो, तिकिटावरचा हा सव्वा-दीड तास आपल्या फारसा कामाचा नाही. आपण सोनेगावच्या धावपट्टीवर राहत नाही. आपल्याला मोजायचं आहे सिंदीतल्या आपल्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत. ते आम्ही असं मोजलं. घरून निघून सेलडोहला हमरस्त्याला लागायचं, बुटीबोरीवरून वर्धा रोडनं विमानतळ. गाडी केली तर सव्वा-दीड तास, बुटीबोरीचा ट्रकांचा गर्दा धरून आम्ही दोन तास लिहिले. एसटी किंवा पॅसेंजरनं जायचं तर अजून एक तास धरा. नागपूर मेट्रोचं एक स्टेशन एअरपोर्ट नावाचं आहे, पण ते वर्धा रोडवर आहे. तिथे उतरलं की विमानतळाच्या दारापर्यंत पुन्हा ऑटो लागतो. नाव वाचून फसू नका. मग विमानाच्या वेळेच्या दोन तास आधी पोचायचं. सामान घेण्याची खिडकी बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होते, आणि विमानात चढण्याचं दार वीसपंचवीस मिनिटं आधी. इथे "थांबवा हो, येतच आहे" चालत नाही. मग दीड तास विमान. उतरल्यावर सामान यायला अर्धा-पाऊण तास. आणि लोहगावहून चाकणला किंवा पिंपरीला संध्याकाळच्या गर्दीत सव्वा-दीड तास. बेरीज केली तर साडेसात तास झाले.

वंदे भारतचा हिशेबही तसाच लावला. ती सिंदीला थांबत नाही, वर्ध्याला थांबते. घरून वर्धा एक तास, स्टेशनवर अर्धा तास, गाडीत अकराएक तास, पुण्यातून पुढे तासभर. साडेतेरा तास. सकाळी निघालं की रात्री पोचणं. रात्रीच्या बाकीच्या गाड्यांनी घरापासून घरापर्यंत सोळा ते अठरा तास, आणि आरक्षण मिळालं तर.

म्हणजे विमानानं दिवसाच्या गाडीपेक्षा सहा तास वाचतात आणि रात्रीच्या गाडीपेक्षा नऊदहा. तिकिटावर मात्र बारा तास विरुद्ध दीड तास दिसतं, आणि माणूस साडेदहा तास वाचले समजून पैसे मोजतो. समजा विमानाचं तिकीट आणि नागपूरपर्यंतची गाडी मिळून सहा हजार झाले, आणि रेल्वेचा सगळा खर्च अडीच हजार. फरक साडेतीन हजारांचा. सहा तासांनी भागला तर एका तासाला पाचशे ऐंशीच्या वर. लग्नाला जायचं असेल, नातवाचं बारसं असेल, तर एका तासाला एवढे पैसे द्यायला आम्ही कोणी तयार होणार नाही. दवाखान्यातून फोन आला असेल तर तोच तास वेगळा असतो. इथे दर सांगत नाही आम्ही, हे आकडे फक्त समजण्यापुरते. विमानाचा दर सकाळी एक, संध्याकाळी एक असतो. आणि अडीअडचणीच्या वेळी ऐनवेळचं तिकीटच काढावं लागतं, ते बहुधा महाग पडतं.

अजून एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. विमान रोज आहे का? बेलोऱ्याहून सुरुवातीला आठवड्यात तीनच दिवस विमान ठरलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी विमान गेलं आणि शनिवारी सकाळी तुम्हाला गरज पडली, तर अमरावती-मुंबईचा पावणेदोन तासांचा प्रवास सोमवारपर्यंत लांबला. तेवढ्यात रेल्वेनं दोनदा जाणंयेणं होतं. लहान विमानतळांचं हे दुखणं आहे. केंद्र सरकारची उडान योजना यासाठीच आली. तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला उडालं, शिमला-दिल्ली, आणि त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचंही. तासाभराच्या प्रवासाला काही जागा अडीच हजारांत, आणि कंपनीला जो तोटा होईल त्यातला काही भाग तीन वर्षं सरकार भरून देणार, अशी ती मांडणी. हवाई चपलेतला माणूस हवाई जहाजात, असं तेव्हा सांगितलं गेलं.

कल्पना चांगली आहे, आम्ही नावं ठेवत नाही. पण २०२३ साली महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल आला. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते फक्त ५४. आपल्या विदर्भातलंच पाहा. गोंदियाचं बिरसी विमानतळ. २०२२ च्या मार्चमध्ये तिथून इंदूरचं विमान सुरू झालं, फुलं-बिलं वाहिली, आणि काही महिन्यांतच बंद. पुढे २०२३ च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीचं हैदराबादचं आलं. म्हणून मागच्या वर्षी कोणीतरी गेलं होतं, पेपरात फोटो आला होता, यावर विसंबून राहू नका. विमान आज आहे का, कोणत्या वारी आहे, हे त्या आठवड्यात पाहायचं.

आता आमच्यातली जी एकटी विमानात बसली तिचं सांगतो. तिची लेक पिंपरीला. पहिलं बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं म्हणून माहेरी आणता आलं नाही. तारीख महिन्यानंतरची होती. आम्ही गटात बसून हिशेब केला, घाई नाही, वंदे भारतनं जा, दहा दिवस आधी जा. तिकीटही काढलं. आणि आठच दिवसांनी सकाळी सहाला जावयाचा फोन आला की कळा सुरू झाल्या.

या वेळी अध्यक्षबाईंच्या ओट्यावर अर्ध्या तासात नऊजणी होत्या. पहिला प्रश्न चाकणवाल्या ताईनंच विचारला, "इमान किती वाजताचं हाये?" वंदे भारत गाठायची तर वर्ध्याला लगेच निघावं लागत होतं, घरात सासू आजारी, म्हैस, सगळं तसंच टाकून. आणि गाडीनं पोचायला रात्रीचे दहा-अकरा. विमान संध्याकाळी सहाच्या सुमारास होतं, दुपारी दोनला निघालं तरी चालत होतं, आणि पोचणं नऊ-सव्वानऊला. म्हणजे दोन्हीत तास-दीड तासाचाच फरक. पण दोनपर्यंत घरची सोय लावता येत होती, डिंकाचे लाडू घेता येत होते. कर्ज मंजूर झालं. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं यावर पाच मिनिटं गेली. शेवटी "बाळंतपण" लिहिलं.

तिकीट भाच्यानं मोबाईलवर काढलं आणि तिथे गोंधळ झाला. त्यानं आत्याचं घरातलं नाव टाकलं. आधारवर तिचं माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि आपण सगळे तिला तिसऱ्याच नावानं ओळखतो. विमानतळाच्या दारातच जवान तिकीट आणि आधार शेजारी धरून पाहतो. नाव जुळलं पाहिजे. नशिबानं कोणाच्या तरी वेळीच ध्यानात आलं, कंपनीच्या नंबरवर फोन करकरून नाव दुरुस्त झालं, त्यात दीड तास गेला. बायांनो, हे काम आजच करून ठेवा. आपल्यातल्या किती जणींची दोन-दोन नावं चालू आहेत! आधारवर जे नाव आहे तेच अक्षर न अक्षर तिकिटावर पाहिजे. ते एका कागदावर लिहून घरात ठेवा, म्हणजे घाईत कोणीही काढलं तरी चुकणार नाही.

दुसरा गोंधळ खोबऱ्याचा. बाळंतिणीला लागतं म्हणून तिनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरल्या होत्या. सुकं खोबरं तेलकट, लवकर पेट घेतं, म्हणून ते विमानात चालत नाही. काढून ठेवावं लागलं. लाडू मात्र गेले. मिरचीचं लोणचं जवळच्या पिशवीत नेऊ देत नाहीत, सुरी-कात्री-विळीही नाही. माचिस कुठेच नाही. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक उलट जवळच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही. देशातल्या विमानात बहुधा मोठं सामान पंधरा किलो आणि जवळचं सात किलो चालतं, पण तिकिटावर वाचून घ्या. जास्तीच्या एकेका किलोचे पैसे लागतात, तेवढ्यात तिकडे पायली दोन पायली तांदूळ येतात.

आम्ही चौघीजणी तिला सोडायला गेलो होतो. दाराच्या आत आम्हाला जाता येत नाही. ती आत गेली आणि काचेतून मागे पाहत होती. चुकेल की काय, अशी आमच्याही पोटात कालवाकालव. तिनं नंतर सांगितलं की आत चुकण्यासारखं फार नाही. आधी सामानाची खिडकी, तिथे बॅग देऊन चिठ्ठी मिळते. मग तपासणी, बायांची वेगळी, पडद्याच्या आड, बाईच तपासते. मग चिठ्ठीवर लिहिलेल्या नंबरच्या दाराशी बसायचं. वाचता येत नसलं तरी चिठ्ठी दाखवून विचारायचं. ती तर म्हणते, वर्ध्याच्या स्टेशनवर गाडीचा डबा शोधण्याहून सोपं आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगायची, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि ढकलणारा माणूस थेट विमानापर्यंत नेतो. एकट्या म्हाताऱ्या बाईला हा आधार फार मोठा आहे. तुमच्या लेकीसुना गरोदर असतील आणि ३२ आठवडे झाले असतील, तर विमानाला डॉक्टरांचं पत्र लागतं, तेही आधी विचारून घ्या.

ती त्या नंबरच्या दाराशी बसली असतानाच साडेचारच्या पुढे फोन आला. नातू झाला. मग तिथे खुर्चीवर बसून एकटीच रडली म्हणे, शेजारच्या बाईनं पाणी दिलं. म्हणजे आमचा एवढा हिशेब होऊनही ती बाळंतपणाच्या वेळेला नव्हतीच. कोणत्याही वाहनानं नसतीच पोचली. पण रात्री सव्वानऊला ती लेकीजवळ होती, आणि पहिली रात्र लेकीनं एकटीनं काढली नाही. दोनला निघून सव्वानऊ, सव्वासात तास. आमच्या कागदावर साडेसात लिहिले होते.

विमान त्या दिवशी वेळेवर निघालं. निघालं नसतं तर काय, तेही आम्ही विचारून ठेवलं आहे. एवढ्या छोट्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त लांबलं तर कंपनीनं चहा-नाश्ता द्यायचा असतो. सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं आपण निवडायचं. विमान रद्दच झालं तरी तसंच. हे नियम हवाई वाहतूक महासंचालनालयाचे आहेत. खिडकीवर जाऊन शांतपणे मागायचं. कोणी आपणहून येऊन देत नाही, हा अनुभव आपल्याला बँकेतही आहेच.

कर्ज दहा हप्त्यांचं होतं. सहा फिटले, चार बाकी आहेत. त्यावर एकदा बैठकीत कुरकुर झाली, की म्हैस घेतली असती तर दूध तरी मिळालं असतं. ज्यांनी कुरकुर केली त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. गटाचा पैसा थोडा असतो, आणि जून महिन्यात तर बियाण्यालाच पुरत नाही. म्हणून आम्ही नियम केला आहे. प्रवासाच्या कर्जाला वेगळी मर्यादा, वर्षातून दोनच, आणि जिला पाहिजे तिनं कागदावर तीन ओळी लिहून आणायच्या. विमानानं दारापासून दारापर्यंत किती तास, रेल्वेनं किती तास, आणि दोन्हीत रुपयांचा फरक किती. हो-नाही नंतर. लिहिता येत नसेल तिला चाकणवाली ताई लिहून देते. तिनं त्यासाठी एक वही केली आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद, जिथे जिथे आमची पोरं आहेत त्या गावांची एकेक पानं. गाड्यांच्या वेळा बदलतात, विमानं सुरू होतात, बंद होतात, म्हणून ती पेन्सिलीनं लिहिते आणि दर महिन्याच्या बैठकीआधी मोबाईलवर पाहून खोडून दुरुस्त करते.

कर्जाच्या अर्जात आधी चारच रकाने होते, नाव, रक्कम, कारण, हप्ते. परवाच्या बैठकीत पाचवा घातला. त्यात लिहायचं, किती वाजता पोचायचं आहे.